व्हॅनचे सांधे आणि ग्रीसचा डबा

गटाच्या गाडीचा विमा, पीयूसी आणि कागदपत्रं यांवर आम्ही मागे बोललो होतो. ते ऐकून एका गटातल्या बायका भेटल्यावर म्हणाल्या, "कागदाचं समजलं, पण गाडीच्या पोटाखाली काय असतं ते कधी सांगणार?" तर आज तेच सांगणार आहोत. व्हॅनच्या मागच्या एक्सलला ताकद पोचवणारा जो लांब दांडा असतो, त्याचे सांधे कसे ओळखायचे, साफ कसे करायचे आणि त्यांत ग्रीस कसं भरायचं, हा आजचा विषय. आम्ही काही मिस्त्री नाही. पण एकदा नुकसान सोसून जे शिकलो, ते तुमच्यापर्यंत पोचवतो.

आमच्या गटाची गाडी म्हणजे मारुतीची ओम्नी, 2008 सालची, आमच्याकडे आली तेव्हा तिसऱ्या हातातली. ही गाडी 1984 मध्ये 'मारुती व्हॅन' या नावानं बाजारात आली आणि 2019 मध्ये ती बनायची बंद झाली. तरी गावोगाव अजून दिसते, कारण इंजिन लहान, 796 सीसीचं, सुटे भाग सगळीकडे मिळतात आणि मागची सीट काढली की मसाल्याची पोती छान बसतात. आमची 15 वर्षांची झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणीही करून घेतली. रंग ठीक, टायर नवे, ब्रेक चांगले. आम्हाला वाटलं, गाडी ठणठणीत आहे.

आवाज मात्र होता. गाडी थांबलेली असताना पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' व्हायचं. रिव्हर्स टाकला की पुन्हा 'टक्'. पुढं पुढं हळू चालताना 'चिक चिक चिक' असा चिमणीसारखा आवाज यायला लागला. गाडी चालवणाऱ्या ताईनं बैठकीत दोनदा सांगितलं. आम्ही म्हटलं, जुनी गाडी आहे, आवाज करणारच. आमच्यातल्या एक आक्का, ज्यांनी तरुणपणी स्वतः बैलगाडी हाकली आहे, त्या एकदा पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, वंगाण न्हाय हिला. कोरडी बोलतीया." बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, कणा करकरायला लागला की गाडी थांबवून तेलात भिजलेली चिंधी लावायची, हे त्यांच्या हाताला माहीत. आम्ही हसलो. आमच्याकडे तर गॅरेजची दोन बिलं होती, दोन्हींवर 'सर्व्हिसिंग व ग्रीसिंग' लिहिलेलं.

गौरी-गणपतीच्या आधी आम्ही पाटणहून चिपळूणला माल घेऊन निघालो. कोकणात सणाला मसाला आणि पापड चांगले जातात. कुंभार्ली घाट उतरत होतो, पाऊस धो धो, गाडी दुसऱ्या गिअरवर. चिक चिक बंद होऊन खडखड सुरू झाली आणि मग खालून धाडकन आवाज झाला. त्यानंतर जे झालं ते नीट ऐका. इंजिनचा आवाज एकदम खाली आला आणि गाडी मात्र पुढं पळायला लागली. उतारावर गिअर गाडीला मागं धरून ठेवतो ना, ती धरच सुटली. इंजिन आणि मागची चाकं यांना जोडणारा दांडा मागच्या बाजूनं सुटला होता आणि तळाला आपटत होता.

ताईनं डोकं शांत ठेवलं. पायाचा ब्रेक दाबत दाबत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, थांबल्यावर हँडब्रेक ओढला आणि आम्हाला आधी दगड आणायला पाठवलं. चारही चाकांना दगड लावले तेव्हा कुठं ती खाली उतरली. गाडी गिअरमध्ये उभी करून चालणार नव्हती, कारण गिअरचा चाकांशी संबंधच उरला नव्हता. ओम्नीचा हँडब्रेक थेट मागच्या चाकांवर लागतो, म्हणून तो तेवढा कामाला आला. दांड्याचं पुढचं टोक सुटलं असतं तर ते रस्त्यावर पडून रुतलं असतं. तेव्हा काय झालं असतं, ते आम्ही घरी कुणाला सांगितलेलं नाही.

आता हा दांडा काय असतो ते पाहू. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, पण फिरतात मागची चाकं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलपर्यंत नेणारी गोल लोखंडी नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स गाडीच्या अंगाला बसवलेला, जवळजवळ जागेवर स्थिर. मागचा एक्सल मात्र पाट्यांवर बसवलेला, खड्डा आला की वर-खाली उडतो. म्हणजे शाफ्टला फिरता फिरता वाकावंही लागतं आणि थोडं लांब-आखूडही व्हावं लागतं. म्हणून दोन्ही टोकांना सांधे असतात. मिस्त्री लोक त्या सांध्याला 'क्रॉस' म्हणतात, कारण आतला तुकडा अधिकच्या चिन्हासारखा असतो, चार हातांचा. प्रत्येक हातावर एक लहान टोपण बसतं, त्याला कप म्हणतात, आणि कपाच्या आतल्या भिंतीला बारीक सुया उभ्या लावलेल्या असतात. शेवयांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करून वाटीच्या कडेनं उभे लावले तर दिसतील तशा. याच सुयांवर क्रॉसचा हात फिरतो.

फिरतो म्हटलं तरी पूर्ण गोल फिरत नाही, आणि गोम तिथंच आहे. शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो, पण कपातल्या सुया आपल्या जागीच किंचित पुढं, किंचित मागं अशा डुलत राहतात. एकाच जागी घासल्यामुळे तिथलं ग्रीस बाजूला सरकतं. वर कपाचं रबरी सील जुनं झालं की पाणी आत जातं. आपल्याकडे पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असतं आणि त्यातून गाडी काढावीच लागते. पाणी ग्रीस धुऊन नेतं, लोखंड लोखंडावर घासतं आणि तांबडी भुकटी तयार होते. अगदी आमच्या कांडपातल्या तिखटासारखी बारीक. कपाच्या कडेला अशी तांबडी धूळ दिसली की समजायचं, आत कोरडं पडलं आहे.

चिपळूणच्या ज्या मिस्त्रीभाऊंकडे गाडी ओढून नेली, त्यांनी शाफ्ट बाहेर काढून आमच्यासमोर ओसरीवर ठेवला. मागच्या क्रॉसचा एक कप नव्हताच, घाटात कुठं तरी पडला. उरलेल्या तिघांत सुयांचा चुरा आणि ती भुकटी. त्या क्रॉसच्या मधोमध ग्रीस भरायचं निपल होतं, पण त्यावर वाळलेल्या चिखलाचा दगडासारखा थर. भाऊंनी तो खरवडला तर आतल्या निपलचं तोंड गंजून बंद झालेलं. "ताई, या निपलला ग्रीसगन कधी लागलेलीच नाही," ते म्हणाले. आमची दोन बिलं पर्समध्येच होती. काढून दाखवायची लाज वाटली. ज्या गॅरेजनं बिल केलं त्यांचा दोष आहेच. पण निपल कुठं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळं ग्रीस भरलं की नाही हे विचारणार तरी कशाच्या आधारावर?

मागचा क्रॉस काही शे रुपयांना नवीन मिळाला. पुढचा क्रॉस मात्र वाचला होता. तो पॅकबंद जातीचा, निपल नसलेला. हाताला थोडा जड लागत होता, पण खिळखिळा नव्हता. भाऊ म्हणाले, हा साफ करून पुन्हा ग्रीस भरू, बघा कसं करतात ते. आमची ताई आणि आम्ही दोघी खाली बसलो.

शाफ्ट काढायच्या आधी मागच्या चार बोल्टांच्या जोडावर छिन्नीनं खूण करायची, म्हणजे पुन्हा त्याच जागी बसवता येतो. नाही तर तोल जातो आणि गाडी वेगात थरथरते. आमच्याकडे मागचा सांधा तुटलेलाच होता, तरी भाऊंनी उरलेल्या भागावर खूण केली. पुढचं टोक गिअरबॉक्समध्ये नुसतं सरकवलेलं असतं, ते ओढलं की मागून गिअर ऑइल गळायला लागतं. म्हणून तिथं प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधायची. आम्ही पापडाची पिशवी दिली.

मग क्रॉस सोडवणं. प्रत्येक कपाला एक लॉक असतं, सर्क्लिप म्हणतात ते. पक्कडीनं दाबून काढायचं. ते उडतं आणि डोळ्याकडेच येतं, तेव्हा चष्मा लावल्याशिवाय वाकू नका. लॉक निघाल्यावर व्हाइसमध्ये गोटी पान्याच्या दोन गोट्या, एक लहान, एक मोठी, समोरासमोर धरून कप ढकलून बाहेर काढतात. आता इथं आम्ही कामाला आलो. भाऊ कप खाली कापडावर ठेवत होते, तर ताई म्हणाली थांबा, आणि चहाच्या चार बशा आणल्या. प्रत्येक कप आपापल्या बशीत, बशीच्या कडेला खडूनं पुढचा, मागचा, डावा, उजवा. कारण प्रत्येक कप ज्या हातावर झिजला त्याच हातावर परत बसला पाहिजे. सुया मोजल्या. चारही बशांत सारख्या भरल्या पाहिजेत. एका बशीत एक कमी निघाली. ती कापडाच्या घडीत सापडली. ती आडवी पडून कपाच्या तळाशी राहिली असती तर कप पूर्ण बसला नसता, लॉक खाचेत गेलं नसतं, आणि कुणी घाईत हातोडीनं ठोकून बसवला असता तर नवीन संकट तयार.

धुवायला डिझेल आणि जुना दातांचा ब्रश. पेट्रोल अजिबात नको. बंद जागेत त्याची वाफ साचते आणि एका ठिणगीत भडका उडतो. काळं जुनं ग्रीस पूर्ण निघेपर्यंत धुवायचं, मग जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं पुसायचं. ज्याचे धागे सुटतात असं कापड नको. पुसल्यावर वाळू द्यायचं, कारण आत राहिलेलं डिझेल नवीन ग्रीस पातळ करतं. आमच्याकडे पाऊस होता, म्हणून भाऊंनी हवेच्या पंपानं सुकवलं.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि घाईत तीच टाळली जाते. क्रॉसच्या चारही हातांवरून नख फिरवायचं. गुळगुळीत लागलं तर क्रॉस वाचला. सुयांच्या उभ्या रेघा उमटल्या असतील, पाट्याला टाकी लावल्यासारखं नख अडकत असेल, तर क्रॉस बाद. त्यात कितीही चांगलं ग्रीस भरा, दोन दिवस आवाज दबेल आणि मग आमच्यासारखा घाटात सुटेल. ग्रीस झीज होऊ देत नाही, पण झालेली झीज भरून काढत नाही. पुष्कळ ठिकाणी आवाज आला म्हणून ग्रीस मारून गाडी परत देतात आणि आपण खूश होतो, म्हणून एवढं सांगतोय. आमच्या पुढच्या क्रॉसवर नख अडकलं नाही. रबरी सील मात्र कडक झाली होती, ती बदलली.

ग्रीस कोणतं? लिथियमचं, दोन नंबरचं, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. सुटं, कागदात बांधून मिळणारं ग्रीस स्वस्त पडतं, पण त्यात काय मिसळलं आहे ते कळत नाही. दोन जातींचं ग्रीस एकत्र करू नका. काही जाती एकमेकींत मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. बोटानं कपाच्या आतल्या कडेला लेप द्यायचा आणि त्यात एकेक सुई उभी करायची. ग्रीसच त्यांना धरून ठेवतं. क्रॉसच्या हातातल्या भोकांतही ग्रीस भरायचं. पण कप गच्च भरायचा नाही. गच्च भरला की दाबताना ग्रीसला जायला जागा नसते, सील फाटतं. आमच्या ताईनं उत्साहानं भरला होता, भाऊंनी अर्धा बोटानं काढून टाकला.

कप परत दाबून बसवले, लॉक खाचेत बसल्याचं बोटानं चाचपून पाहिलं, आणि मग क्रॉस हातानं चारही दिशांना हलवून बघितला. कुठं अडकता कामा नये, ढिलाही वाटता कामा नये. अडकला तर बाहेरच्या कानाला हातोडीची हलकी टिचकी मारतात, कप जरा सैल होतो. गिअरबॉक्समध्ये जाणारं टोक स्वच्छ पुसून, त्याला गिअर ऑइल लावून सरकवलं. जेवढं तेल गळलं तेवढं गिअरबॉक्समध्ये परत भरलं. चार बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले. चार दिवस गाडी चालल्यावर ते पुन्हा पान्यानं तपासले, त्यांतला एक थोडा सैल झालेलाच होता.

आता रोजच्या कामाचं सांगतो. क्रॉस सोडवणं हे घरी करायचं काम नाही, ते मिस्त्रीकडेच करा, फक्त समोर बसा. पण निपलमधून ग्रीस भरणं आपल्याला जमतं, आणि तपासणं तर नक्कीच जमतं.

एक गोष्ट आधी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. पाच मिनिटांसाठी नाही, हात घालायला नाही. जॅक सरकतो. ओम्नी बुटकी आहे, तिच्याखाली तसंही शिरता येत नाही. आम्ही गाडी धुवायला सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर चढते तेव्हाच हे काम उरकतो. हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओंडके, इंजिन बंद, किल्ली खालच्या बाईच्या कमरेला. गाडी धुऊन झाल्यावर ग्रीस भरायचं, आधी नाही. जोराच्या पाण्याची धार सीलमधून आत घुसते, मग नवीन ग्रीस ते पाणी बाहेर ढकलतं.

निपल आधी फडक्यानं पुसायचं, नाही तर तोंडावरची वाळू आपणच आत ढकलतो. ग्रीसगन सरळ दाबून बसवायची आणि हळूहळू मारायची. चारही कपांच्या कडेनं आधी काळं, मग स्वच्छ ग्रीस डोकावलं की थांबायचं. तीनच कपांतून आलं आणि चौथ्यातून आलं नाही, तर तो चौथा कोरडाच राहिला असं समजायचं. क्रॉस थोडा हलवून पुन्हा मारायचं. तरीही आलं नाही तर मिस्त्रीला सांगायचं. बाहेर आलेलं जादा ग्रीस पुसायचं, निपलच्या टोकावर मात्र थेंबभर ठेवायचं, ते झाकणाचं काम करतं.

तपासणीसाठी गाडी न्यूट्रल ठेवायची. सांध्याच्या एका बाजूला डावा हात, दुसऱ्या बाजूला उजवा हात, आणि पिळा काढल्यासारखं उलटसुलट फिरवायचं, मग वर-खाली हलवायचं. शाफ्ट थोडासा फिरतो, ती डिफरन्शियलच्या दात्यांमधली मोकळीक असते, त्याला घाबरू नका. नजर सांध्यावर ठेवा. क्रॉस आणि कप यांच्यात हालचाल दिसली किंवा बोटाला 'टिक' जाणवली, की मिस्त्रीकडे. आम्ही दर 5,000 किलोमीटरला ग्रीस भरतो आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा. हा आमचा नियम. तुमच्याकडे ऊन आणि डांबरी रस्ता जास्त असेल तर एवढी गरज पडणार नाही.

काही गटांकडे पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, मारुती 800 किंवा अल्टो. तिला लांब शाफ्ट नसतो. पुढच्या चाकांजवळ भात्यासारखं घड्यांचं काळं रबर दिसेल, त्याला बूट म्हणतात. सांधा त्याच्या आत, काळ्या ग्रीसमध्ये. तिथं निपल नसतं. बूट फाटला की ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला शिंतोडे दिसतात आणि धूळ आत जाते. लगेच बूट बदलून, सांधा धुऊन ग्रीस भरलं तर थोडक्यात भागतं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर 'कट कट कट' यायला लागलं की उशीर झाला.

आमच्या जमाखर्चाच्या वहीत पेट्रोलचा रकाना होता, टायरचा होता, ग्रीसचा नव्हता. आता आहे. त्यात तारीख, किलोमीटर आणि ज्या बाईनं भरलं तिची सही. गॅरेजमध्ये भरलं तर ज्या बाईनं उभं राहून पाहिलं तिची सही. आक्का म्हणाल्या, त्यांचीही एक सही हवी, कारण पहिलं निदान त्यांचं होतं. घाटात अडकलो त्या दिवसाची ताईची मजुरी द्यायची की नाही यावर बैठकीत बराच वाद झाला. शेवटी दिली, वर दोनशे रुपये जास्त. ग्रीसचा डबा वह्यांच्याच कपाटात असतो, झाकण घट्ट लावून. उघडा राहिला की त्यात धूळ पडते, आणि एकदा उंदीरही पडला होता.